ठासणीची जुनी बंदूक

पालघर जिल्ह्याच्या डोंगराळ भागात जव्हार आणि मोखाडा हे तालुके आहेत. जव्हार हे १९४८ पर्यंत मुकणे घराण्याचे संस्थान होते. शेजारचा मोखाडा इंग्रजांच्या ठाणे जिल्ह्यात मोडत असे. समजा, अशा भागातील एखाद्या जुन्या घराच्या माळ्यावर लांब नळीची गंजलेली बंदूक सापडली. घरातील माणसे सांगतात, "ही शिवाजी महाराजांच्या काळची!" हे खरे की खोटे, ते कसे ठरवायचे?

त्याआधी एक महत्त्वाची गोष्ट. या बंदुकीत दारू आणि गोळी तोंडाकडून घालून गजाने ठासतात. म्हणूनच तिला ठासणीची बंदूक म्हणतात. ठासलेला बार कित्येक वर्षे नळीत तसाच राहू शकतो. म्हणून मुलांनी तिला हात लावू नये. मोठ्यांनी पोलिसांना कळवावे. 

बंदूक रिकामी असल्याची खात्री झाल्यावर जाणकार प्रथम तिचा घोडा पाहतो. सर्वांत जुन्या पद्धतीत जळती वात, म्हणजे जामगी, दारूला लावत. ही तोड्याची बंदूक. पुढे गारगोटी पोलादावर आपटून ठिणगी पाडू लागले. ही चकमकीची बंदूक. 'चकमक' हा शब्द तुर्की आहे आणि तो तुम्हांला उर्दूतही भेटतो. त्यानंतर फॉर्साइथ नावाच्या स्कॉटिश पाद्र्याने आघाताने पेटणारे रसायन बंदुकीत वापरले आणि १८०७ मध्ये त्याचे पेटंट घेतले. त्याला पक्ष्यांच्या शिकारीचा नाद होता! त्यातूनच पुढे तांब्याची टोपी आली. म्हणून टोपीची बंदूक १८२० च्या फार आधीची असू शकत नाही. मात्र अशा बंदुका आपल्या देशात विसाव्या शतकातही बनत होत्या.

मग घोड्याजवळच्या लोखंडी पट्टीवरील खुणा पाहतात. ईस्ट इंडिया कंपनीच्या बंदुकीवर आधी हृदयाच्या आकाराची खूण असे. १८०८ पासून तिच्या जागी मुकुट धरलेला, उभा सिंह आला. काही बंदुकांवर 'टॉवर' असे कोरलेले असते. ते कारागिराचे नाव नव्हे! लंडनच्या टॉवर किल्ल्यात सरकारी शस्त्रागार होते, त्याची ती खूण आहे. जुनी वस्तू चकचकीत करण्याच्या हौसेने लोक विटेच्या भुग्याने पट्टी घासतात आणि नेमक्या याच खुणा पुसून टाकतात.

देशी बंदुकीवर कधी फारसी मजकूर असतो. येथे तुमची उर्दू कामी येते. 'अमल' या शब्दापुढे कारागिराचे नाव येते. मराठीत 'अंमल' म्हणजे सत्ता; येथे मात्र 'अमल' म्हणजे काम, अमक्याच्या हातचे काम. सोबत हिजरी सन असेल, तर त्यात नुसते ६२२ मिळवू नका. हिजरी वर्ष सुमारे ११ दिवसांनी लहान असते. १२०० ला ३३ ने भागले की साधारण ३६ येतात. ते वजा करून ६२२ मिळवले की १७८६ येतात. हिजरी १२०० म्हणजे इ. स. १७८५-८६. नुसती बेरीज केली असती तर १८२२ आले असते! टिपू सुलतानाच्या बंदुकांवर तर याहून मोठा घोळ होतो. त्याने स्वतःचा वेगळा सन सुरू केला होता आणि त्याचे आकडे उजवीकडून डावीकडे लिहिले जात.

सन सापडला तरी काम संपत नाही. पुष्कळ चकमकीच्या बंदुका पुढे टोपीच्या करून घेतल्या गेल्या. पट्टीवर १८०५ आणि घोडा टोपीचा, असे दिसले तर बुजवलेली छिद्रे शोधावीत. अशा बंदुकीला दोन वये असतात.

शेवटी नळीच्या आत पाहतात. आत नागमोडी फिरणारे आटे असतील तर ती रायफल. १८५७ च्या उठावात काडतुसांमुळे गाजलेली एन्फिल्ड रायफल ठासणीचीच होती. तिची रचना १८५३ ची आणि तिच्या नळीत तीन आटे. उठावानंतर इंग्रजांनी हिंदी शिपायांना आटे नसलेल्या बंदुका दिल्या, कारण त्यांचा नेम लांबवर लागत नसे. म्हणून बाहेरून एन्फिल्डसारखी, पण आतून गुळगुळीत अशी बंदूक मिळाली, तर ती बहुधा त्या शिपायांसाठी बनलेली असते.