विनोबांनी सर्टिफिकेटं जाळली, पण आज गागोद्याचा विद्यार्थी नावाच्या एका अक्षरावरून का अडतो?

पेण तालुक्यातलं गागोदे बुद्रुक हे आचार्य विनोबा भावे यांचं जन्मगाव. 1916 मध्ये इंटरच्या परीक्षेसाठी बडोद्याहून मुंबईला निघालेले विनोबा वाटेत सुरतला उतरले आणि थेट काशीला गेले. त्याच सुमारास त्यांनी आपली शाळा-कॉलेजची सर्टिफिकेटं जाळून टाकली होती. कागद गेला, विषय संपला.

आज असं करून काही उपयोग नाही. विद्यार्थ्याची नोंद कॉलेजच्या ऑफिसात असते, विद्यापीठाच्या परीक्षा विभागात असते, शिष्यवृत्तीच्या महाडीबीटी पोर्टलवर असते, डिजिलॉकरमध्ये असते आणि अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्येही असते. अडचण वेगळीच आहे. या सगळ्या ठिकाणी तो विद्यार्थी एकच माणूस आहे, हे कॉम्प्युटरला कळत नाही.

खुद्द विनोबांचीच नोंद करायची झाली तर बघा. कागदोपत्री नाव विनायक नरहरी भावे, लोकांच्या तोंडी विनोबा. जन्मतारीख 11 सप्टेंबर 1895. ही 11/9 अशी लिहिली आणि सिस्टीम अमेरिकी पद्धतीची असली, तर ती 9 नोव्हेंबर होते. एक्सेलमध्ये टाकायला गेलात तर आणखी गंमत. विंडोजवरच्या एक्सेलचं कॅलेंडर 1900 पासूनच सुरू होतं, त्यामुळे 1895 ला ते तारीख मानतच नाही. जन्माच्या वेळी जिल्हा होता कुलाबा, 1981 मध्ये त्याचा रायगड झाला. आणि 2011 च्या जनगणनेत इंग्रजीत रायगडचं स्पेलिंग छत्तीसगडच्या रायगढसारखंच आहे. म्हणजे जिल्ह्याच्या नावावरून यादी लावली, तर पेणचा मुलगा छत्तीसगडमध्ये जाऊन बसू शकतो.

गावाच्या नावाचंही तेच. ‘बुद्रुक’ कुणी पूर्ण लिहितं, कुणी नुसतं ‘बु.’, तर इंग्रजीत ‘बीके’. माणसाला तिन्ही एकच वाटतात, मशीनला तीन गावं दिसतात. म्हणूनच सरकारी यंत्रणेत गावांना कोड दिलेले असतात. नाव कसंही लिहा, कोड बदलत नाही.

मराठीची म्हणून एक खास डोकेदुखी आहे. ‘कुऱ्हाडे’ हे आडनाव युनिकोडमध्ये एकाहून जास्त पद्धतींनी टाइप होतं. स्क्रीनवर अक्षरं हुबेहूब सारखी, पण आतले कोड वेगळे, म्हणून सर्च केलं की ‘नोंद सापडली नाही’. युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमधल्या जुन्या फायली तर नव्या सिस्टीममध्ये उघडल्या की नुसती अगम्य चिन्हं दिसतात.

याचा फटका किती मोठा असू शकतो?

रायगड जिल्हा मुंबई विद्यापीठाच्या कक्षेत येतो. मुंबई शहर, उपनगर, ठाणे, पालघर, रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग असा सात जिल्ह्यांचा हा पसारा. 2017 मध्ये विद्यापीठाने उत्तरपत्रिका स्कॅन करून ऑनलाइन तपासायला घेतल्या. उत्तरपत्रिका होत्या 17 लाखांहून जास्त. स्कॅन झालेलं पान नेमक्या विद्यार्थ्याशी जोडणं हाच या कामाचा कणा होता, आणि गोंधळ तिथेही झाला. निकालाला 31 जुलैची मुदत होती, ती उलटली. अनेकांचे पुढचे प्रवेश लटकले. ऑक्टोबरमध्ये तत्कालीन कुलगुरू संजय देशमुख यांना पदावरून हटवण्यात आलं.

मग ही साफसफाई करतात कशी? पहिली गोष्ट म्हणजे नावावरून ओळख पटवणं सोडायचं. मुंबई विद्यापीठाचा 16 अंकी पीआरएन किंवा 12 अंकी ‘अपार’ आयडी, असा एक क्रमांक धरायचा आणि बाकी सगळं त्याला जोडायचं. दोन नोंदी एकाच विद्यार्थ्याच्या वाटल्या तर जन्मतारीख, आईचं नाव, दहावीचा बैठक क्रमांक असं सगळं मिळून जुळवायचं. नुसत्या मोबाइल नंबरवर भरवसा नको, कारण कित्येक घरांत भावंडं एकच नंबर देतात. जुळल्यावर एक नोंद उडवून टाकायची नाही, दोन्ही एकत्र करायच्या आणि कुणी, कधी, काय बदललं ते लिहून ठेवायचं. चुकून दोन वेगळी माणसं एक झाली तर परत फिरता आलं पाहिजे.

खरं भांडण मात्र इथे नसतंच. ते असतं, ‘दुरुस्ती कुणी करायची?’ यावर. कॉलेज विद्यापीठाकडे बोट दाखवतं, विद्यापीठ कॉलेजकडे. नावाची दुरुस्ती एका ठिकाणी झाली आणि बाकीच्या चार ठिकाणी पोहोचली नाही, तर उपयोग शून्य. म्हणून कुठल्या माहितीचा मूळ मालक कोणता विभाग, हे आधी ठरवावं लागतं. यात सॉफ्टवेअरपेक्षा मीटिंगाच जास्त लागतात.

साफसफाईला आणखी एक कारण मिळालं ते गुगलमुळे. शिक्षणसंस्थांना मिळणारी अमर्याद जागा बंद होऊन 2022 पासून प्रत्येक संस्थेला एकत्रित 100 टीबीची मूळ मर्यादा आली. तेव्हा जगभरच्या विद्यापीठांना आपल्या सामायिक ड्राइव्हमध्ये डोकावावं लागलं. अशा ड्राइव्हमध्ये काय नसतं? ‘फायनल’, ‘फायनल 2’, ‘खरी फायनल’ अशा नावांच्या गुणांच्या याद्या, सोडून गेलेल्या प्राध्यापकांच्या फायली आणि कुणालाही उघडता येईल अशी लिंक असलेल्या आधारच्या झेरॉक्सही. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा, 2023 विद्यार्थ्याला आपली माहिती दुरुस्त करून घेण्याचा हक्क देतो, पण ती नेमकी कुठल्या फायलीत आहे हे संस्थेलाच ठाऊक नसेल तर दुरुस्त काय करणार?

त्यात आता नावाचा साचाच बदलतोय. 1 मे 2024 किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांचं नाव राज्याच्या शासकीय कागदपत्रांत स्वतःचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव असं लिहायचं आहे. त्यांच्या थोरल्या भावंडांच्या कागदांवर आईचं नाव वेगळ्या रकान्यात. ही मुलं 2042 च्या सुमारास कॉलेजचा फॉर्म भरतील, तेव्हा एकाच घरातल्या दोन सख्ख्या भावंडांची नावं दोन वेगळ्या साच्यांत असतील.