कोरें, कोरे आणि कोरं

तुमच्या घरी सासूबाईंची किंवा आईची लोणच्या-पापडांची जुनी वही असेलच. शाळकरी मुलांच्या हाती ती देण्याआधी हे जरा वाचा.

आमच्या बल्लारपूरच्या घरी गेल्या उन्हाळ्यात सातवीतल्या लेकीने आजीची वही उघडली. ‘बरणीच्या तोंडाला कोरें फडकें बांधावें’ हे वाक्य दिसताच तिने लाल पेन्सिलीने तीन गोल केले. “आजी, एका ओळीत तीन चुका!”

“बाप्पा! काहून चुकलं? टिंब नाही दिलं तर मास्तर छडी मारत आम्हाला,” सासूबाई म्हणाल्या. पण वही मिटून त्यांनी कपाटात ठेवली. दोन दिवस बाहेर काढली नाही. मला काही ते बरं वाटलं नाही.

खरं म्हणजे चूक कोणाचीच नव्हती. कागद कोरा, वही कोरी, पण फडकें कोरें. आणि पानें अनेक असली तर कोरीं. नपुंसकलिंगाची ही खूण. एके काळी हा उच्चार खरोखरच नाकातून होत असे. आपल्याकडे तो बोलण्यातून गेला, टिंब तेवढं कागदावर उरलं. कोकणी बोलणाऱ्या बाई आजही ‘बरें’ म्हणताना तो स्वर नाकातून काढतात, कधी कान देऊन ऐका. पुढे मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम 1962 साली शासनाने मान्य केले आणि न उच्चारली जाणारी टिंबं गेली. गांवाचं गाव झालं, नांवाचं नाव झालं. सासूबाई त्याआधी शाळेत शिकल्या, लेक आता शिकते. (त्याच नियमांनी गावांच्या नावातला ‘पूर’ दीर्घ ठरवला, म्हणून आपलं बल्लारपूर असं.)

गंमत पुढेच आहे. गोष्टीत कोणाच्या तोंडचं बोलणं लिहायचं तर ‘कोरं’ असं टिंब देऊनच लिहितात! म्हणजे लेकीने आजीचं जे टिंब खोडलं, ते तिच्या स्वतःच्या निबंधात जागा बदलून बसलेलंच होतं.

बरं, कोरें म्हणजे तरी काय? आमच्या गावाला वाटतं, कोरा म्हणजे कागद. इथल्या कागद कंपनीची स्थापना 1945 ची. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलातला बांबू तासून, रसायनात शिजवून, धुऊन, रंग उडवून पांढराशुभ्र केला की कोरा कागद होतो. कापडाचं उलट. मागावरून उतरलेलं, न धुतलेलं, रंग न उडवलेलं ते कोरं कापड. माठ कोरा म्हणजे पाणी न लागलेला. आणल्या दिवशीच पिण्याचं भरू नका, आधी पाण्यात भिजत ठेवा. दूध नासलं की चहा कोरा. न शिजवलेली भिक्षा ते कोरान्न. लग्नातली साडी कोरी, आणि शेवटचं कापडही कोरंच.

शेतकऱ्याच्या बायकोला विचाराल तर ती म्हणेल, सातबारा कोरा झाला पाहिजे, म्हणजे इतर हक्कांच्या रकान्यात कर्जाचा बोजा नको. तिथे कोरेपणासारखं सुख नाही. पण हाच शब्द सहीच्या वर आला की सावध व्हा.

आमच्या ओळखीतल्या एका वहिनींनी नात्यातल्या माणसासाठी कोऱ्या फॉर्मवर सही केली. “नुसती साक्ष आहे, वहिनी,” असं तो म्हणाला होता. नोटीस आली तेव्हा कळलं, त्या जामीनदार होत्या. चेकचं तर आणखी कठीण. आपणहून सही करून दिलेल्या कोऱ्या चेकवर रक्कम दुसऱ्याने भरली, तरी तेवढ्याने तो चेक रद्द होत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2019 साली सांगितलं आहे. तो देण्यासाठी दिलाच नव्हता, हे मग आपल्यालाच दाखवावं लागतं. तेव्हा नाव, रक्कम, तारीख भरल्याशिवाय पेन उचलू नका. समोरचा दीर असो की भाचा. भरलेल्या कागदाचा फोटो स्वतःच्या मोबाइलमध्ये ठेवा. रागावले तर रागावू द्या.

पावसाळ्याच्या तोंडी आमच्याकडेही असाच एक कागद आला. आणणारा घरचाच, चहाही झाला. मी भिडेने गप्प बसले, हे कबूल करते. सासूबाईंनी चष्मा लावला, कागद उलटसुलट पाहिला आणि परत दिला. “कोरा हाये हा. भरून आण, मग वाचते.”

तो अजून आलेला नाही. वही मात्र कपाटातून बाहेर आली आहे. लेकीने लाल गोल खोडरबराने पुसले, तरी डाग राहिलेच. आता ती आजीला विचारून विचारून सगळी वही नव्या वहीत उतरवते आहे. टिंबं ठेवायची की काढायची, यावर दोघींचं रोज वाजतं.