ध्वनियंत्रांची परीक्षणे : परीक्षकाचा शब्द आणि संपादकाची लेखणी

पुस्तकाचे परीक्षण छापणाऱ्या संपादकाला परीक्षकाचा निर्णय पटला नाही, तर त्याच्यापुढे एक सोपा मार्ग असतो. ते पुस्तक उघडून तो स्वतः वाचू शकतो. ध्वनियंत्रांची परीक्षणे छापणाऱ्या हौशी नियतकालिकांच्या संपादकाला हा मार्ग बहुधा बंद असतो. लाऊडस्पीकरची जोडी निर्मात्याकडून उसनी येते ती थेट परीक्षकाच्या घरी. तेथे, त्याच्या खोलीत, त्याच्या स्वतःच्या इतर उपकरणांच्या संगतीत ती कित्येक आठवडे ऐकली जाते. आणि संपादकाच्या हाती पडतात ते केवळ शब्द. ऐकले एकाने आणि छापायचे दुसऱ्याने, अशी ही विभागणी आहे. अमेरिकेतील व इंग्लंडातील या नियतकालिकांत मुक्त परीक्षक आणि संपादक यांच्यात वारंवार जो बेबनाव होतो, त्याचे मूळ सामान्यतः जाहिरातींच्या पैशात शोधले जाते. ते सर्वस्वी चुकीचे नाही. तथापि या वादाची बारकाईने छाननी केली असता, त्याची मुळे पैशापेक्षा भाषेत अधिक खोल गेलेली आहेत असे दिसून येते.

जाहिरातींची बाजू प्रथम पाहणे सोयीचे होईल, कारण या नियतकालिकांचा जन्मच त्या प्रश्नातून झाला. जे. गॉर्डन होल्ट हे 'हाय फिडेलिटी' या १९५१ साली निघालेल्या अमेरिकन नियतकालिकात तांत्रिक विषयांचे काम पाहत असत. जाहिरातदारास दुखवू नये या रीतीला कंटाळून ते तेथून बाहेर पडले आणि १९६२ साली त्यांनी 'स्टिरिओफाइल' सुरू केले. उपकरणाचे मापन काय सांगते याहून ते कानाला कसे लागते हे सांगणे, ही या मासिकाची प्रतिज्ञा होती. पुढे १९७३ मध्ये हॅरी पिअर्सन या पेशाने वृत्तपत्रकार असलेल्या गृहस्थांनी त्याच वाटेने 'दि ॲब्सोल्यूट साउंड' काढले. दोघांनीही आरंभी निर्मात्यांच्या जाहिराती दूर ठेवल्या. दोन्ही नियतकालिकांनी कालांतराने त्या स्वीकारल्या. जाहिराती नसण्याची किंमतही मोठी होती. होल्ट यांचे अंक क्वचितच वेळेवर निघत, आणि वर्गणीदार ताटकळत बसत.

परंतु या आरंभीच्या काळात संपादक-परीक्षक असा वाद फारसा संभवत नव्हता, याचे कारण साधे आहे: दोघेही एकच होते. परीक्षणाखाली आद्याक्षरे असत ती संपादकाचीच. अंक जाडजूड झाले, उपकरणांची संख्या वाढली, आणि बाहेरच्या लेखकांवाचून चालेना, तेव्हा हा प्रश्न उभा राहिला. स्वतः होल्ट यांच्यावर त्याचा अनुभव घेण्याची पाळी आली. १९८२ साली त्यांनी मासिक विकले. १९८६ मध्ये इंग्लंडातील 'हाय-फाय न्यूज अँड रेकॉर्ड रिव्ह्यू'चे संपादक जॉन ॲटकिन्सन हे 'स्टिरिओफाइल'च्या संपादकपदी आले, आणि मासिकाचा संस्थापक त्याच मासिकात दुसऱ्याच्या संपादनाखाली लिहू लागला.

मुक्त परीक्षकाची व्यावहारिक स्थिती थोडक्यात सांगता येईल. बहुतेकांचा उदरनिर्वाह अन्यत्र असतो. मानधन लेखागणिक मिळते आणि ते श्रमाच्या मानाने तुटपुंजे असते. खरे आकर्षण असते ते महिनोन्महिने उसन्या मिळणाऱ्या उपकरणांचे, आणि ती व्यापारी दराने विकत घेण्याच्या सवलतीचे. ही सवलत संपादकाच्या मर्जीवर अवलंबून असल्याने तिचा दाब न बोलताही जाणवतो. शिवाय, वाईट उपकरणावर लिहिण्यापेक्षा ते वगळावे आणि ती पाने चांगल्याला द्यावीत, असा अनेक मासिकांचा प्रघात आहे. संपादकाच्या दृष्टीने यात गैर काही नाही. पाने मोजकी असतात. परीक्षकाच्या दृष्टीने मात्र सहा आठवड्यांचे ऐकणे वाया जाते, आणि आपल्या नावावर केवळ स्तुतीच जमा होत जाते याचे शल्य राहते. टीका करूच न शकणारा परीक्षक, अशी त्याची ख्याती होते. ती त्याने मिळवलेली नसते, त्याच्यावर लादलेली असते.

आता मुख्य मुद्द्याकडे वळावयास हरकत नाही. ध्वनीच्या गुणांसाठी कोणत्याही भाषेत स्वतंत्र शब्द फार थोडे असतात. बाकीचे सगळे उसने. मराठीत आवाज गोड असतो, कोरडा असतो, जाड, पातळ, भरदार वा कोंदट असतो. म्हणजे जीभ, त्वचा आणि डोळा यांच्याकडून कान शब्द मागून आणतो. इंग्रजीतही तसेच घडते. होल्ट यांनी आपल्या परीक्षणांत पारदर्शकता, कणीदारपणा, उबदारपणा, पडद्याआडून ऐकू येणे, ध्वनीचा मंच अशा रूपकांना पारिभाषिक अर्थ देण्याचा प्रयत्न आयुष्यभर केला, आणि १९९३ साली त्यांचा विस्तृत शब्दकोश 'स्टिरिओफाइल'ने प्रसिद्ध केला. भाषाशास्त्राच्या दृष्टीने हा प्रयत्न मोलाचा आहे. कारण एका लहानशा समाजाने आपली परिभाषा उघडपणे घडवल्याची अशी उदाहरणे फारशी सापडत नाहीत.

तरीही या परिभाषेत एक उणीव राहिली. तिची कल्पना येण्यासाठी मिरजेच्या तंतुवाद्यनिर्मात्यांचा 'जवारी' हा शब्द घ्यावा. तंबोऱ्याची जवारी खुली आहे की बंद, हे सांगणारा कारागीर, ते ऐकणारा गवई आणि बाजूला बसलेला शिष्य एकाच बैठकीत, एकाच वाद्याजवळ असतात. घोडीचा पृष्ठभाग जरा घासला, तारेखालचा दोरा केसभर सरकवला, की शब्दाचा अर्थ कानाला पटतो किंवा पटत नाही. चूक तेथल्या तेथे दुरुस्त होते. कणीदारपणा हा शब्द वापरणारा परीक्षक, तो तपासणारा संपादक आणि तो वाचणारा वर्गणीदार हे तिघे तीन गावांत, तीन निराळ्या यंत्रांपुढे बसलेले असतात. शब्दाला साक्षीदार नाही. म्हणून तो कोणाचा, हा वाद पेटतो.

हा वाद बहुधा मोठ्या शब्दांवरून होत नाही. तो 'किंचित', 'जरासा', 'काहीसा' अशा अर्थाच्या दुबळ्या दिसणाऱ्या क्रियाविशेषणांवरून होतो. ज्या लेखनप्रकारात कठोर बोलण्याचा रिवाज नाही, तेथे सौम्य शब्दाचे वजन वाढत जाते. आपल्याकडे स्थळ सांगून येते तेव्हा 'मुलाचा स्वभाव जरा तापट आहे' असे मध्यस्थ म्हणाला, की ऐकणारा त्या 'जरा'चा अर्थ बरोबर ओळखतो. तशातलाच हा प्रकार. मुरलेला वाचक 'वरच्या पट्टीत किंचित कोरडेपणा' हे वाक्य वाचतो आणि ते उपकरण मनातून काढून टाकतो. आता गद्याची शिस्त शिकलेला संपादक 'किंचित' हा शब्द भरताड म्हणून खोडतो. वाक्य व्याकरणदृष्ट्या सरस होते; पण 'कोरडेपणा' एवढेच उरल्याने निर्माता खवळतो, आणि परीक्षकाला वाटते की आपण न उच्चारलेली शिवी आपल्या तोंडी घातली गेली. उलट एखाद्या ठिकाणी संपादक सावधगिरी म्हणून 'किंचित' घालतो, आणि सौम्य करावयास गेलेले वाक्य जाणत्या वाचकाला अधिक जहरी लागते. दोघेही प्रामाणिक असताना होणारे हे भांडण आहे, आणि म्हणूनच ते मिटवणे कठीण.

संपादक सावध का असतो, हे कळण्यासाठी अमेरिकेतील एक खटला पाहण्याजोगा आहे. 'कन्झ्यूमर रिपोर्ट्स' या मासिकाने मे १९७० च्या अंकात बोस ९०१ या लाऊडस्पीकरचे परीक्षण छापले. हे मासिक हौशी मंडळींचे नव्हे, ग्राहकांचे. ते जाहिराती मुळीच घेत नाही. आणि परीक्षण करणारा तेथील पगारी अभियंता होता. म्हणजे जाहिरातदार व मुक्त लेखक हे दोन्ही प्रश्न येथे आपोआप गळून पडतात आणि उरतो तो निव्वळ शब्द. या लाऊडस्पीकरच्या नऊ ध्वनिघटकांपैकी आठ मागच्या भिंतीकडे तोंड करून बसवलेले असत. परीक्षणात म्हटले होते की, वाद्यांचे आवाज खोलीभर भटकल्यासारखे वाटतात. निर्मात्याने दावा लावला. परीक्षकांनी प्रत्यक्षात जे ऐकले ते दोन लाऊडस्पीकरांमध्ये भिंतीलगत होणारे सरकणे होते, असा निष्कर्ष खालच्या न्यायालयाने काढला. अभियंत्याने साक्षीत सांगितले की, आपल्याला तेच म्हणायचे होते. परंतु एवढ्या बुद्धिमान माणसाला त्या शब्दाचा रूढ अर्थ ठाऊक नसेल हे न्यायाधीशांना पटले नाही, आणि विधान जाणूनबुजून खोटे केले असे मानून सुमारे १ लाख १५ हजार डॉलरांची भरपाई ठरवण्यात आली. मराठीत सांगावयाचे तर, '-भर' आणि '-लगत' या दोन प्रत्ययांमधील अंतराची ही किंमत! १९८२ मध्ये वरिष्ठ न्यायालयाने हा निर्णय फिरवला, आणि १९८४ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी मासिकाची बाजू उचलून धरली. इंद्रियानुभवाचे वर्णन करताना शब्द चुकीचा निवडला गेला, एवढ्यावरून तो द्वेषमूलक असत्याचा पुरावा होत नाही, असा त्याचा आशय होता.

निकाल अनुकूल लागला, पण लेख छापून आल्याला तोवर चौदा वर्षे लोटली होती. असा भार प्रकाशकावर पडतो हे जाणणारा संपादक प्रत्येक विशेषणाभोवती कुंपण घालू लागला, तर त्यात नवल नाही. 'या खोलीत', 'या उपकरणांसह', 'असे वाटले' अशी पदे वाक्यावाक्यात शिरतात. परीक्षकाला ती आपल्या कानावरचा अविश्वास वाटतात.

शब्दांच्या मालकीचा प्रश्न तर निव्वळ कायद्याचाही आहे. अमेरिकेच्या १९७६ च्या स्वामित्वहक्क कायद्यानुसार, मुक्त लेखकाने हक्क लेखी सोडून दिला नसेल तर नियतकालिकातील लेख त्याचाच राहतो. प्रकाशकाला तो त्या संग्रहाचा भाग म्हणून छापण्याचा अधिकार मिळतो. हे लेख संगणकीय संग्रहांत सुटे करून ठेवण्याचा अधिकार त्यात येत नाही, असा निर्णय २००१ साली सर्वोच्च न्यायालयाने मुक्त लेखकांनी 'न्यूयॉर्क टाइम्स'विरुद्ध चालवलेल्या खटल्यात दिला. निर्णय लेखकांच्या बाजूचा होता खरा. परंतु त्याचे उत्तर प्रकाशकांजवळ तयार होते. सर्व हक्क आधीच लिहून घेणारे करारपत्र पुढे करणे एवढेच त्यांना करावयाचे होते. तुटपुंज्या मानधनावर लिहिणाऱ्या हौशी परीक्षकाजवळ वाटाघाट करण्यासारखे असते तरी काय?

परीक्षकाच्या खोलीत डोकावण्याचे एकच साधन संपादकापाशी असते. ते म्हणजे मापन. ॲटकिन्सन यांनी आपल्या संपादनकाळात एक रीत पाडली. परीक्षकाने ऐकून लेख पुरा करावयाचा. तोपर्यंत मापनाचे आकडे त्याला दाखवावयाचे नाहीत. नंतर तेच उपकरण संपादकाने प्रयोगशाळेत तपासून आकडे व आलेख लेखासोबत छापावयाचे. निर्मात्यालाही छपाईपूर्वी मजकूर पाठवला जाई. त्यात बदल करण्याचा नव्हे, तर त्याच अंकात उत्तर देण्याचा अधिकार त्याला असे. प्रामाणिकपणाच्या दृष्टीने ही पद्धत या क्षेत्रातील सर्वांत उजवी म्हटली पाहिजे. पण परीक्षकाच्या बाजूने विचार केला, तर ती कठोरही आहे. १९९० नंतरच्या दशकात एकाच ट्रायोडवर चालणाऱ्या निर्वात-नळ्यांच्या ॲम्प्लिफायरांची आवड पुन्हा बळावली. त्यांतल्या कित्येकांची शक्ती आठ-नऊ वॅट आणि विकृती काही टक्क्यांपर्यंत पोहोचणारी. परीक्षकाने त्यांच्या गोडव्याची चार पाने स्तुती करावी, आणि पान उलटताच संपादकाच्या आलेखाने ते यंत्र सदोष असल्याचे दाखवावे, असे प्रसंग आले. संपादकाने एक अक्षरही बदललेले नसते. तरीही आपले लेखन शेजारच्या पानाने खोडले, ही भावना परीक्षकाच्या मनातून जात नाही. वाचकाला मात्र येथे काही दुर्मीळ गवसते: एकाच वस्तूविषयी दोन भाषांतील दोन साक्षी, आणि त्यांतील विसंगती झाकण्याचा कोणताही प्रयत्न नाही.

सर्वांत तीव्र कुरबूर असते ती शिफारशींच्या यादीबद्दल. 'स्टिरिओफाइल' वर्षातून दोनदा शिफारसयोग्य उपकरणांची यादी छापते आणि त्यांना वर्णाक्षरांनी दर्शवलेल्या श्रेणी देते. परीक्षकांशी विचारविनिमय होतो, पण यादीला अंतिम रूप देतो तो संपादक. तीन हजार शब्दांचा लेख येथे चार-पाच ओळींत आटतो. 'लहान खोलीत, मंद आवाजात, गायनासाठी' अशा अटींवर केलेली स्तुती एका अक्षरात बसत नाही. म्हणून अटी गळतात आणि अक्षर राहते. दुकानदार दाखवतो ते अक्षरच, आणि ग्राहक लाखो रुपयांच्या मोलाची खरेदी करतो तीही बहुधा त्याच्या भरवशावर. लहान निर्मात्याचे वर्षाचे उत्पन्न त्या अक्षराने वर-खाली होऊ शकते. परीक्षक पुढे मासिक सोडून गेला, तरी उपकरण बाजारात असेपर्यंत त्याच्या लेखाचा हा अर्क अंकामागून अंक छापला जाऊ शकतो. त्या चार ओळींत त्याच्या नावाची आद्याक्षरे असतात, आणि शेवटी मूळ लेखाच्या अंकाचा क्रमांक.