गेमिंग कॉम्प्युटर घेताना वरच्या मजल्याच्या सळया सोडा

गटाच्या बैठकीत शेळी, शिलाई मशीन आणि शाळेची फी यांच्या जोडीला आता कर्जाचं एक नवं कारण येऊ लागलंय. पोराला, आणि काही घरांत पोरीलाही, गेम खेळता येईल असा कॉम्प्युटर हवाय. खेळावं की नाही हा ज्याच्या त्याच्या घरातला प्रश्न, त्यात आम्ही पडत नाही. पण कर्ज गटाचं आहे आणि हप्ता आई भरणार आहे. म्हणून सुटे भाग निवडताना काय बघायचं, तेवढं आज सांगतो.

घर बांधताना पैसे कमी असले की आपण एकच मजला चढवतो, पण पाया दोन मजल्यांचा घालतो आणि कॉलमच्या सळया वर सोडतो. इथंही तसंच करायचं. नंतर सहज बदलता येणारे भाग आज साधे चालतील. ज्यांच्यावर बाकी सगळं उभं राहतं, त्यांत काटकसर नको.

त्यातला पहिला म्हणजे एसएमपीएस. भिंतीतली वीज आतल्या भागांना सोसेल अशी करून देणारा हा डबा. कॅबिनेटसोबत 'फुकट' मिळतो तो बहुधा हलका असतो. वर ४५० वॉट छापलेलं असलं म्हणून तो तेवढा भार पेलेलच असं नाही, आणि जाताना कधीकधी मदरबोर्डही घेऊन जातो. नावाजलेल्या कंपनीचा, '८० प्लस' खूण असलेला ५५० वॉटचा घ्या. ग्राफिक्स कार्डाला वीज देणारी आठ पिनांची वायर त्याला आहे ना, तेही बघा. मधल्या दर्जाचं कार्ड पुढे लावायचं झालं तर तो पुरतो.

दुसरा मदरबोर्ड. त्यावर प्रोसेसर बसतो त्या जागेला सॉकेट म्हणतात. एएमडी कंपनीच्या एएम४ सॉकेटवर डीडीआर४ रॅम लागते, तर २०२२ साली आलेल्या एएम५ वर डीडीआर५. एकाची रॅम दुसऱ्यात बसत नाही. एएम४ स्वस्त पडतं, पण त्याचा वरचा मजला जवळजवळ बांधून झालाय. हप्ता झेपत असेल तर आम्ही एएम५ च घ्या म्हणू.

आता वाचवायचं कुठं? ग्राफिक्स कार्डावर. बहुतेक वेळा सगळ्यांत महाग भाग तोच, आणि आज त्याच्याशिवाय भागतं. एएमडीच्या नावाशेवटी 'जी' असलेल्या प्रोसेसरात, म्हणजे एएम४ वर रायझन ५ ५६००जी किंवा एएम५ वर ८६००जी, चित्र दाखवायची बरीच चांगली सोय आतच असते. व्हॅलोरंट, माइनक्राफ्ट असे खेळ त्यावर चालतात. याउलट इंटेलच्या नावाशेवटी 'एफ' असेल तर ती सोय नसते. कार्ड लावल्याशिवाय पडद्यावर काहीच दिसणार नाही, मग स्वस्त प्रोसेसर महागात पडतो. रॅम १६ जीबीची एक पट्टी घेण्यापेक्षा आठ-आठच्या दोन घ्या. कार्ड नसताना वेगात फरक जाणवतो. बोर्डावर चार स्लॉट असतील तर दोन पुढच्यासाठी मोकळे राहतात.

एक गोष्ट मात्र नीट ऐका. गटातल्या एका ताईंनी आणलेल्या कोटेशनवर 'आय फाइव्ह, १६ जीबी, गेमिंग' एवढंच लिहिलं होतं. आय फाइव्ह म्हणजे गाडीचं नुसतं नाव झालं, मॉडेल कुठल्या सालचं ते कळलं नाही. पुढचा आकडा विचारायचा. आय फाइव्ह ३४७० हा २०१२ सालचा, तर १२४०० हा २०२२ सालचा. जुन्यावर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही, आणि विंडोज १० चा मोफत आधार ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला. असा कॉम्प्युटर कितीही स्वस्त मिळाला तरी त्याला वरचा मजला नाही.

गावाकडे विजेचं वेगळंच. कॉम्प्युटर येण्याआधी वायरमनकडून घराचं अर्थिंग तपासून घ्या. ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॉटच पेलतो. लाइट गेल्यावर कॉम्प्युटर नीट बंद करण्यापुरता तो धरायचा, खेळ पुरा करायला नाही. (हे पोरांना आधीच सांगून ठेवा.)

कोटेशन दोन-तीन दुकानांतून आणा आणि प्रत्येक भागाचं मॉडेल व किंमत वेगळी लिहून मागा. घेताना जीएसटीचं पक्कं बिल हवं, त्यावर प्रत्येक भागाचा सिरियल नंबर हवा. वॉरंटी भागागणिक वेगळी असते, तिची मुदतही त्यावरच लिहून घ्या. खोकी फेकू नका, आणि बिलाची एक झेरॉक्स गटाच्या फाइलला लावा.