तारखांची वही

सिअ‍ॅटलहून लेक वॉशिंग्टनवरचा पूल ओलांडला की बेलव्ह्यू लागते. मायक्रोसॉफ्ट म्हटले की आज शेजारचे रेडमंड आठवते. पण जानेवारी १९७९ पासून फेब्रुवारी १९८६ पर्यंत कंपनीचे बिऱ्हाड बेलव्ह्यूलाच होते. एमएस-डॉस तिथले. ‘तिथले’ म्हणताना जीभ जरा अडखळते, कारण ते मुळात लिहिले सिअ‍ॅटल कॉम्प्युटर प्रॉडक्ट्समधल्या टिम पॅटरसनने, १९८० साली, इंटेलच्या ८०८६ साठी. त्याचे पहिले नाव क्यूडॉस; त्यातल्या ‘क्यू’चा अर्थच घाईचे काम. मायक्रोसॉफ्टने आधी २५ हजार डॉलरला परवाना घेतला, जुलै १९८१ मध्ये आणखी ५० हजार मोजून सारे हक्क. १२ ऑगस्टला ही कार्यप्रणाली चालवणारा आयबीएम पीसी बाजारात आला.

एमएस-डॉसचा सोर्स कोड लोकांपुढे यायला २५ मार्च २०१४ उजाडले. कॅलिफोर्नियातल्या कॉम्प्युटर हिस्ट्री म्युझियमने तो मांडला, तोही ‘वाचा, पण धंद्यात वापरू नका’ या अटीवर. मोकळा एमआयटी परवाना मिळाला सप्टेंबर २०१८ मध्ये, गिटहबवर.

त्यातली मुख्य फाइल उघडली की आधी दिसते ती बदलांची नोंदवही. प्रत्येक बदल इथे नोंदवलाच पाहिजे, अशी दोन उद्गारचिन्हांसह तंबी. आणि त्या इंग्रजी वाक्यातला ‘बी’ हा शब्दच गळालेला! खाली तारखा: २५ फेब्रुवारी १९८१ ला डिरेक्टरीतली नोंद ३२ बाइटची झाली, २८ एप्रिलला आवृत्ती १.०० ठरली. मला आज्ञांपेक्षा हे शेरेच मोलाचे वाटतात. यंत्र काय करते हे चालत्या प्रोग्रॅमवरूनही शोधता येते. माणसाला ते कधी आणि कोणत्या क्रमाने सुचले, हे फक्त इथे कळते.

म्हणूनच एप्रिल २०२४ मध्ये आयबीएमच्या साथीने एमएस-डॉस ४.०० खुले झाले तेव्हा जाणकार हळहळले. गिटहबमागचे गिट फाइलींवरच्या मूळ तारखा जपत नाही, त्या गेल्या. शिवाय मजकूर यूटीएफ-८ मध्ये घालताना इंग्रजी अक्षरांपलीकडच्या, म्हणजे १२७ च्या पुढच्या, बाइटांची मोडतोड झाली आणि काही फाइली जशाच्या तशा असेंबल होईनात.

या १२७ च्या पुढच्या प्रदेशाशी आपले जुने नाते आहे. युनिकोड रुळण्याआधी पुण्याच्या सी-डॅकचे जिस्ट कार्ड डॉसच्या काळ्या पडद्यावर देवनागरी उमटवत असे, आणि १९९१ च्या इस्की मानकात आपली ‘क’पासूनची अक्षरे तिथेच बसवलेली होती. तेव्हाची मराठी फाइल आज उघडून ज्याने चौकोन आणि प्रश्नचिन्हे पाहिली आहेत, त्याला ४.०० चे दुखणे वेगळे समजावून सांगायला नको. डिस्कची हुबेहूब प्रत आधी ठेवायची, वाचायची सोय मग. २०२४ साली हा क्रम उलटा झाला. पॅटरसनच्या तारखा मात्र शाबूत राहिल्या, कारण त्या त्याने फाइलीच्या आत हाताने टाइप केल्या होत्या.