हंसराज : गवयाच्या कंठाचा सोबती

माझे वडील राजवाड्याच्या देवघरात गात असत. संस्थान विलीन झाले, दरबार उठला, तरी देवापुढची ही सेवा चालू राहिली आणि वडिलांनी ती अखेरपर्यंत केली. त्यांचा दुसरा नेम माणिकनगरचा. मार्गशीर्षात दत्तजयंतीच्या सुमारास सोलापूर, उमरगा करीत एस.टी.ने हुमनाबाद गाठायचे आणि १८६५ साली समाधिस्थ झालेल्या श्रीमाणिकप्रभूंच्या समाधीपुढे हजेरी लावायची. बिदर जिल्ह्यातील हे स्थान गवयांना किती प्रिय आहे, हे जुन्या घराण्यांतील वाचकांस सांगावयास नकोच.

मी दहा-अकरा वर्षांचा असताना एका वर्षी प्रवासातल्या थंडीने त्यांचा आवाज पार बसला. षड्जसुद्धा लागेना. ज्यांच्याकडे आम्ही उतरलो होतो, त्यांनी एका वृद्ध हकिमांस बोलावून आणले. हकीमसाहेबांनी घसा पाहिला आणि म्हणाले, "बुवा, दोन दिवस गाणं नाही आणि बोलणंही नाही." मग पुडीतून वाळलेला पाला काढला. त्याच्या काड्या काळ्याभोर, केसासारख्या बारीक आणि चकचकीत होत्या. ज्येष्ठमध, उन्नाब व बनफशा यांबरोबर तो उकळून खडीसाखरेसह द्यावयास सांगितला. या पाल्याला त्यांनी 'परसियावशां' म्हटले. वडिलांनी तो हातात घेऊन पाहिला आणि पाटीवर लिहिले, "हा तर आपल्या विहिरीतला हंसराज!"

तिसऱ्या दिवशी वडील गायले. गुण काढ्याचा की मौनाचा, हे मी आजही सांगू शकणार नाही. पण त्या पाल्याची ओळख मात्र माझ्या मनात कायमची राहिली.

हंसराज हे एक नेचे आहे. त्याला फूल येत नाही, बी धरत नाही. पानाची कड मागे दुमडलेली असते आणि त्या दुमडीखाली बारीक बीजाणू असतात. पाणी पडले तरी पान भिजत नाही, थेंब घरंगळून जातो. म्हणूनच ग्रीक लोकांनी त्याला 'न भिजणारे' या अर्थाचे एडिअँटम हे नाव दिले. आपल्याकडे पावसाळ्यात ओढ्याकाठी व दरडींवर उगवणाऱ्या जातीची पाने अर्धचंद्रासारखी असतात. कोणाला त्यांत हंसाचे पाऊल दिसले, कोणाला घोड्याचा खूर. म्हणून हंसपदी आणि घोडखुरी ही दोन्ही नावे पडली. या जातीचा देठ लांबून जमिनीला टेकतो आणि टोकाशी मुळे फुटून नवे रोप उभे राहते. हकिमांचे परसियावशां ही तिचीच सख्खी बहीण. विहिरीच्या चुनेगच्ची भिंतीवर ती विशेष रमते.

गवयांनी ध्यानात ठेवावी अशी गोष्ट चरकसंहितेत आहे. सूत्रस्थानाच्या चौथ्या अध्यायात कंठाला हितकर अशी दहा द्रव्ये एकत्र सांगितली आहेत. अनंतमूळ, उसाचे मूळ, ज्येष्ठमध, पिंपळी, द्राक्षे, विदारीकंद, कैडर्य, डोरली, रिंगणी आणि हंसपदी. आता हकिमांच्या नावाकडे पाहा. इराणी कथेतील निष्पाप राजपुत्र सियावुश मारला गेला आणि त्याच्या रक्तातून एक वनस्पती उगवली, अशी कथा आहे. त्याचेच नाव या पाल्याला मिळाले. पंधराव्या शतकात बहामनींची राजधानी गुलबर्ग्याहून बिदरला आली. गिलानहून आलेल्या महमूद गवानाने तेथे १४७२ साली मदरसा उभारला. अशा गावात वैद्याचा हंसराज आणि हकिमाचे परसियावशां एकाच घशासाठी एकाच भांड्यात उकळावे, यात नवल ते काय? फ्रान्समध्येही याच पाल्याचे सरबत खोकल्यावर देत असत.

तिसरे ज्ञान रानातले. कलबुर्गी, म्हणजे आपले जुने गुलबर्गा, या जिल्ह्यातील चिंचोळीचे रान २०११ साली अभयारण्य झाले. त्याचा विस्तार सुमारे १३५ चौरस किलोमीटर असून रानाच्या आश्रयाने लमाणांचे तांडे आहेत. चार वर्षांपूर्वी पावसाळ्यात मी तेथे गेलो होतो. एका तांड्यावरील वृद्ध बाईंनी मला दोन नेची ओळखून दाखविली. एक हंसराज, खोकल्याचा. दुसरे खडकाच्या फटीतले, मोराच्या तुऱ्यासारखे. ते उन्हाळ्यात वाळून मिटते आणि पाऊस पडताच पुन्हा उलगडते. हीच मयूरशिखा. जखमेचे रक्त थांबविण्यास आणि पोरांच्या जंतांवर ती वापरतात. मी वाकून एक रोप उपटू लागलो, तोच त्या दखनीत म्हणाल्या, "पत्ते देखो साब, जड़ कू हात नक्को लगाव." आपला 'नको' त्या बोलीत ऐकून मला हसू आले, पण बोलणे हसण्यावारी नेण्याजोगे नव्हते. मुळासकट उपटले की दरड रिकामी होते. शिवाय अभयारण्यातून काही उचलून आणणे कायद्यानेही वर्ज्य आहे.

मी तिथवर का गेलो, तेही सांगितले पाहिजे. माझ्या एका शिष्येचा आवाज बसला होता. बाजारातून हंसराजाची पुडी आणली, तर तीत माती, काड्या आणि भलताच पाला. ओळखणारे डोळे कमी झाले की पुडीवरच्या नावावर विश्वास ठेवावा लागतो. मग घरच्या विहिरीची आठवण झाली. पण तीन वर्षांपूर्वी मीच ती साफ करवून घेतली होती. गवंड्याने भिंत खरवडली, सिमेंट लावले, आणि 'स्वच्छ झाली' म्हणून मी समाधान मानले होते. वडिलांनी उभा जन्म राखलेला हंसराज माझ्या हातून गेला तो असा.

पुढे एका शेजाऱ्यांच्या विहिरीत एक जाळी सापडली. त्यांच्या परवानगीने लहानसा तुकडा आणून मोरीजवळच्या सावलीत, जुना चुना व विटांचा चुरा घातलेल्या कुंडीत लावला. आता तो धरला आहे. त्याने आवाज तयार होतो, असे मी कोणालाही सांगत नाही. आवाज रियाजाने होतो आणि बसलेला घसा आधी विश्रांती मागतो. जाणत्या वैद्यास विचारल्यावाचून काढा घेऊ नये, आणि गर्भवती स्त्रियांना तर मुळीच देऊ नये.

मात्र एक विनंती आहे. आपल्यापैकी पुष्कळांच्या वाड्यांत अजून विहिरी आहेत. त्या बुजविण्यापूर्वी किंवा गिलावा करण्यापूर्वी एकदा आत वाकून पाहावे. ओल्या भिंतीवर काळ्या देठाची नाजूक पाने हलत असतील, तर गवंड्याला तेवढी जागा सोडावयास सांगावे.