आधी क्यू मोजा, मग टेबल निवडा

पूल टेबलासाठी खोली किती मोठी हवी, हे क्यूच्या लांबीवर ठरतं. नेहमीचा क्यू 57-58 इंचांचा. चेंडू कुशनला चिकटून थांबला की फटका मारायला मागे जवळपास तेवढीच जागा लागते. म्हणून खेळाच्या पृष्ठभागाच्या लांबीत आणि रुंदीत दोन-दोन क्यूंची लांबी मिळवायची.

आठ फुटी टेबलाचा पृष्ठभाग 88 बाय 44 इंच, म्हणजे किमान 17 फूट बाय 13 फूट 4 इंच मोकळी जागा. हात नीट मागे खेचता यावा म्हणून दोन्हीकडे अर्धा-एक फूट जास्तच धरा. स्पर्धेच्या नऊ फुटी टेबलाला 18 बाय 14 फूट लागतात. सात फुटीलासुद्धा 16 बाय 13 फुटांच्या आसपास जागा हवीच. फ्लॅटमधल्या 10 बाय 12 च्या बेडरूममध्ये यातलं काहीही बसत नाही, विक्रेता काहीही सांगो. 48 इंची आखूड क्यू घेतला तर सात फुटी टेबल साडेचौदा बाय सव्वाअकरा फुटांत मावतं, पण फटक्याची मजा जाते. अडचणीच्या एखाद्या कोपऱ्यापुरताच तो ठेवावा.

मोजताना भिंतीतून पुढे आलेला कॉलम आणि कपाटं वजा करा. जमिनीवर चिकटपट्टीने टेबल आखा आणि चारही बाजूंनी क्यू धरून खरोखर वाकून पाहा. टेबल स्लेटचं असेल तर जिन्याचं वळण आणि लिफ्टही मोजा. अशा वेळी तीन तुकड्यांत येणारी स्लेट सोयीची.